शेजारचे ताट

"हल्लीच्या मुलांना घरचं जेवण नकोच असतं," हे वाक्य घराघरांत रोज ऐकू येते. डबा अर्धा परत येतो. शाळेच्या फाटकासमोरचा वडापाव मात्र कधी शिल्लक राहत नाही. आई चिडते, वडील जाहिरातींना दोष देतात आणि आजी म्हणते, "आमच्या वेळी असं नव्हतं बाई." आजीचे म्हणणे अर्धेच खरे आहे. तिच्या वेळी हे पदार्थ नव्हते. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने आपल्या ताटावरची नजर उचलून शेजारच्या ताटात डोकावणे तिच्या वेळीही होते. तो त्या वयाचा स्वभावच आहे.

लहान मूल आईच्या हातून खाते. मोठा माणूस सवयीने खातो. मधल्या सहा-सात वर्षांत माणूस सोबतीने खातो. मित्राने खाल्ले ते मला हवे आणि मित्र ज्याला हसला ते मला नको, असे ते वय. म्हणून या वयातल्या मुलांच्या खाण्याचा इतिहास सांगायचा, तर पदार्थांची यादी देऊन भागत नाही. मुलगा कुणाच्या शेजारी बसला, कुणी त्याला शेजारी बसू दिले नाही आणि ती पंगत मांडली कुणी, हे पाहावे लागते. महाराष्ट्रात हा इतिहास चांगला सव्वाशे वर्षांचा आहे आणि तो आपल्याच आजोबा-पणजोबांचा आहे.

एक कप चहा

सुरुवात मोठ्या माणसांपासून करू. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी होती. गोपाळराव जोशी यांनी त्या मंडळींची नावे 'पुणे वैभव' या पत्रात छापून आणली आणि गावात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. प्रायश्चित्ताची भाषा सुरू झाली आणि पुढे १८९२ साली रानड्यांनी ते घेतलेही.

चहा वाईट होता अशी कुणाचीच तक्रार नव्हती. बिस्किटे शिळी नव्हती. प्रश्न एवढाच होता की, कप आला कुणाच्या हातून आणि तो घेतला कुठे बसून. रानडे-टिळकांसारख्यांची ही गत असेल, तर शिकण्यासाठी खेड्यातून शहरात आलेल्या एखाद्या पोराने जेवायचे कुठे?

वेगळ्या चुलींचे शहर

त्या काळी गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला माधुकरीचा आधार होता. नाहीतर वार लावून, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे जेवून तो शिकत असे. अपमान त्यातही होता, पण दार तरी उघडत होते. मराठ्याच्या, जैनाच्या, लिंगायताच्या, मुसलमानाच्या, महारा-मांगाच्या मुलाला शहरात असे दार नव्हते. फी माफ झाली तरी पोटाचा प्रश्न उरत होता. बहुजनांची कितीतरी पोरे शाळेच्या दारातून परत गेली, ती बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. शहरात त्यांना भाकरी कुठे मिळत नव्हती.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ही अडचण नेमकी ओळखली. सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह चालवण्याचा प्रयत्न त्यांनी १८९६ साली करून पाहिला. तिथे अखेर ब्राह्मण मुलेच उरली. मग त्यांनी दुसरा रस्ता धरला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः घेतले आणि मुसलमान मुलांच्या बोर्डिंगची सोय झाली. १९०७ साली लिंगायत मुलांचे आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. एकेक करत कोल्हापूर हे वसतिगृहांचे शहर झाले.

जातवार बोर्डिंगे काढून महाराजांनी जात पक्की केली, अशी टीका होते. मला ती पुरती पटत नाही. सर्वांची एक चूल पेटत नव्हती, म्हणून त्यांनी वेगळ्या चुली पेटवल्या. पण पेटवल्या! आमच्या समाजातला पहिला वकील, पहिला मास्तर, पहिला कारकून अशा एखाद्या चुलीवरच वाढला. महाराज स्वतः मात्र त्या वेगळ्या चुलींपाशी थांबले नाहीत. गंगाराम कांबळे या अस्पृश्य माणसाला त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढायला लावले आणि तिथे जाऊन ते स्वतः चहा घेत. सोबतच्या मानकऱ्यांनाही मग घ्यावाच लागे. पुण्यातल्या चहाला कोल्हापूरने दिलेले ते उत्तर होते.

साताऱ्याची पंगत

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात एक धिप्पाड, हूड मुलगा राहत होता. भाऊराव पायगोंडा पाटील. सोवळ्या-ओवळ्याचे नियम त्याच्या पचनी पडले नाहीत आणि त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. हाच मुलगा पुढे कर्मवीर झाला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एक बोर्डिंग सुरू केले. महाराजांना १८९६ साली जे जमले नव्हते, ते त्यांच्याच कोल्हापुरात वाढलेल्या माणसाने अठ्ठावीस वर्षांनी करून दाखवले.

हे घडले कसे? व्याख्यानांनी नाही. साताऱ्याच्या बोर्डिंगात मुले पाणी भरत, सरपण आणत, दळण-कांडण करत आणि स्वयंपाकालाही हातभार लावत. आज ज्याने भाकरी थापली तो उद्या ताटावर बसणार आणि आज जो ताटावर आहे तो उद्या चुलीपुढे. ज्याच्या हातचे खाऊ नये म्हणून घरून बजावून पाठवले, त्याच्याच हातचे दोन वेळा खाल्ल्यावर पोराच्या मनातली भीती किती दिवस टिकणार? भूक लागलेली असते आणि वय चौदा असते. मुलांच्या मनातले जुने घर असे भाकरीच्या घासाघासाने मोकळे होत गेले.

या पंगतीमागे एक बाई उभी होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. जैन घरातल्या, सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या. त्यांनी या मुलांना पोटच्या पोरांसारखे जेवू घातले. दागिने एकेक करून गेले. एकदा बोर्डिंगात दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही विकायला काढून दिले. १९३० साली त्या गेल्या. संस्थेच्या वटवृक्षाच्या मुळाशी त्या बाईचे सोने आहे, असे आजही साताऱ्याकडे म्हणतात ते उगाच नाही.

१९२७ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधींनी साताऱ्यात या वसतिगृहाला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नाव दिले. पुढच्याच महिन्यात, २० मार्चला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तिथे त्यांच्या लोकांवर हल्ला झाला. साताऱ्याला एका ओळीत भाकरी आणि महाडला ओंजळभर पाण्यासाठी मार. एकाच वर्षाची, एकाच मुलखातली ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. बोर्डिंगातली ती पंगत किती मोठी गोष्ट होती, ते मग कळते.

एसटीतून येणारा डबा

स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. बघता बघता एसटी खेड्यापाड्यांत पोहोचली आणि तिने कुणी न ठरवलेले एक काम अंगावर घेतले. तालुक्याला खोली करून शिकणाऱ्या मुलांचे डबे ती पोहोचवू लागली. आई पहाटे उठून भाकऱ्या थापायची, फडक्यात बांधायची, अॅल्युमिनियमच्या डब्यात कालवण भरायची. डब्यावर मुलाचे नाव रंगवलेले. सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे डबा द्यायचा. तालुक्याच्या स्टँडवर कंट्रोलरच्या केबिनशेजारी डब्यांची रांग लागायची आणि पोरे आपापला डबा ओळखून उचलायची.

१९८० नंतरची काही वर्षे मीही असा डबा खाल्ला आहे. खोलीत आम्ही चौघे. महाराष्ट्रातल्या मुसलमानाच्या घरात काय शिजते, असे विचारले की लोक हमखास बिर्याणी म्हणतात. माझ्या डब्यात ज्वारीची भाकरी, पावट्याची आमटी आणि खर्डा असायचा. इतर तिघांच्या डब्यात यापेक्षा फार वेगळे काही नसायचे. मोहरमात आमच्याकडून चोंगे यायचे, ईदेला शीरखुर्मा. दिवाळीत करंज्या तिकडून यायच्या. डबे उघडले की चारही मधोमध आणि हात सगळ्यांत.

चौघांतला एक माळकरी घरातला. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ. आठवड्यातून कधीतरी माझ्या डब्यात मटण असायचे. त्या दिवशी मी कोपऱ्यात वळून बसलो, तर तो म्हणाला, "तिकडं कशाला? तू तुझं खा, मी माझं खातो. बस इथंच." त्याने माझे कालवण कधी घेतले नाही, मीही कधी आग्रह केला नाही. पण माझी भाकरी तो घ्यायचा, कारण ती वेगळी बांधलेली असायची. त्याची माळ आणि माझा डबा एकाच सतरंजीवर वर्षानुवर्षे सुखाने नांदले.

पुढे हे सगळे वाचताना, ऐकताना माझ्या लक्षात आले की, एकत्र खाणे आणि एकसारखे खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधली तर दुसरीची गरज पडत नाही. आणि पहिली साधली नाही, तर दुसरीची सक्ती सुरू होते.

ती न साधण्याचे दुःख काय असते, हे आपल्या साहित्याने लिहून ठेवले आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' या १९८४ च्या आत्मकथनात अगदी सुरुवातीलाच शाळेची सहल येते. एका झाडाखाली वरच्या जातींची मुले गोडधोड खात बसलेली, दुसरीकडे महार मुले आपली शिळी भाकर सोडून बसलेली. आपल्या डब्याची लाज वाटणे ही या वयातली फार खोल जखम असते. ज्या मुलाला एकदा आपल्या भाकरीची लाज वाटली, तो पुढे कमावता झाल्यावर ती भाकरी ताटात येऊ देत नाही. ज्वारी-बाजरी आपल्या ताटातून मागे सरली, त्याला रेशनवरचे गहू-तांदूळ कारण आहेतच. पण पोरांना शाळेत वाटलेली ही लाजही एक कारण आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. तेव्हा मोठ्या हॉटेलांत ज्वारीचे पदार्थ मांडलेले पाहून मला त्या डब्याची रांग आठवली.

कंपन्यांनी मांडलेली पंगत

१९८३ साली भारतात मॅगी आली. १९८४ च्या जुलैमध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' ही मालिका सुरू झाली. तिची प्रायोजक मॅगीचीच कंपनी होती. शाळेतून दमून आलेली मुले, "भूक लागली" म्हणून ओरडणारी, आणि दोन मिनिटांत वाटी पुढे करणारी हसरी आई. जाहिरातीने नूडल्स विकल्या, पण त्याआधी तिने एक पंगत दाखवली. आपण त्या पडद्यावरच्या मुलांच्या शेजारी बसलो आहोत असे गावोगावच्या मुलांना वाटू लागले. कर्मवीरांना जे बोर्डिंगात उमगले होते, ते कंपन्यांना बाजारात उमगले. मूल दुसऱ्या मुलाकडे बघून खाते.

आणखी एक उदाहरण पाहा. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स भारतात आले. जगभर गोमांसाच्या बर्गरवर मोठी झालेली ही कंपनी. इथे तिने गोमांस ठेवले नाही, डुकराचे मांसही ठेवले नाही. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची स्वयंपाकाची जागाही वेगळी केली आणि बटाट्याची टिक्की पावात घातली. हिंदू, मुसलमान, जैन घरांतली मुले एका टेबलाशी बसल्याखेरीज आपला धंदा होणार नाही, हे तिने ताडले होते. त्या टेबलाशी बसायला जात विचारत नाहीत. पैसे मात्र विचारतात.

आपल्या वडापावचे यश याच हिशेबात बसते. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. गिरणगावाची भूक त्याने भागवली. १९८२ च्या संपानंतर गिरणी कामगारांच्या अनेक कुटुंबांनी अशाच गाड्यांवर संसार सावरला. वडापावला ताट लागत नाही, पाट लागत नाही. गाडीपुढे सगळे उभे. शेजारचा कोण, हे कुणी विचारत नाही. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी ती पहिली खुली पंगत होती. मैदा आणि तळणाचे तोटे मला ठाऊक आहेत. पण मुले तिथे का जातात, ते समजून न घेता त्यांना नुसते रागावून काही होत नाही.

आठवीनंतर काय?

आता सरकारने मांडलेल्या पंगतीकडे वळू. तमिळनाडूत कामराज यांनी १९५६ साली शाळेत जेवण सुरू केले आणि १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी ते वाढवले. देशपातळीवर १५ ऑगस्ट १९९५ रोजी योजना आली. पण बऱ्याच राज्यांत मुलांच्या हाती कोरडे धान्यच पडत होते. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच जेवण द्या असा आदेश दिला, तेव्हा शाळाशाळांत चूल पेटली. २०२१ पासून ती 'पीएम पोषण' या नावाने चालते. सहावी ते आठवीच्या मुलाला रोज ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तिचे प्रमाण आहे.

जगातल्या मोठ्या पंगतींपैकी ही एक. कोट्यवधी मुले त्यात शेजारी-शेजारी बसतात. पण आपल्याकडे ती आठवीला संपते. मूल चौदा वर्षांचे होते, हाडे वाढू लागतात, भूक दुप्पट होते आणि नेमके तेव्हाच सरकारी ताट उचलले जाते. तमिळनाडूत दहावीपर्यंतची मुले जेवतात. आपल्याला ते का जमू नये?

याची सर्वांत मोठी किंमत मुली मोजतात. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. मुलग्यांत हे प्रमाण ३१.१ टक्के आहे. शरीराची गरज वेगळी असते हे खरे. पण भावाला वाढून झाल्यावर जेवायचे, उरेल ते खायचे, ही आपल्या घरातली रीतही त्या आकड्यात आहे. हिंदू घर असो की मुसलमान, या एका बाबतीत आपली चांगली एकी आहे! मुलीला गाडीवर उभे राहून खाता येत नाही आणि घरी तिचा नंबर शेवटचा. शाळेची पंगत ही तिला पहिल्यांदा भावाच्या बरोबरीने वाढणारी पंगत होती. तीही आठवीला संपते.

अंड्याचा प्रश्नही याच पंगतीतला. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने आठवड्यातून एकदा अंडे आणि न खाणाऱ्याला केळे द्यायचे ठरवले. आमच्या खोलीतल्या माळकरी मित्राने सांगितलेला हाच न्याय होता. तू तुझे खा, मी माझे खातो, बस इथेच. जानेवारी २०२५ मध्ये मात्र अंड्यासाठी सरकारी पैसा देणे थांबले. हवे असेल तर लोकवर्गणीतून द्यावे, असे ठरले. गरिबाच्या मुलाला वर्गणी कोण देणार?

२०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत अति तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला बंदी आहे. बंदी योग्यच आहे. पण ती पन्नास मीटरची जागा रिकामी ठेवून चालणार नाही. मुलाच्या पुढून एक ताट काढायचे, तर दुसरे मांडावे लागते आणि शेजारी सोबती बसवावा लागतो. साताऱ्याच्या बोर्डिंगात नेमके तेच केले होते.

म्हणून माझे दोन मागणे आहेत. शाळेतले शिजवलेले जेवण दहावीपर्यंत मिळावे, हे सरकारकडे. आणि घरात आज रात्रीपासून लेकीचे ताट लेकाच्या ताटाबरोबरच वाढले जावे, हे तुमच्या-माझ्याकडे. पहिल्याला अंदाजपत्रक लागेल. दुसऱ्याला फक्त एक पाट जास्त लागेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)